मेणातला दात

प्लास्टर घट्ट होताना आधी तापतं, मग निवतं. पुरतं निवल्याशिवाय माप सोडवायचं नाही, नाहीतर कडा तुटतात. हा कवळ्या बनवण्याच्या कामातला पहिला धडा तिच्या हातांत इतका मुरला होता की डोकं कुठेही असलं तरी हात आपले थांबून राहायचे. त्या सकाळीही थांबले. मग तिनं ट्रेच्या कडेला टिचकी मारली, दवाखान्यातून आलेलं गुलाबी माप हलकेच ओढून काढलं, आतला पांढरा जबडा खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि तिची जीभ तोंडातल्या तोंडात वर गेली. तिनं नेली नाही, गेली. तिच्या टाळूच्या मधोमध, इतरांना जिथे सपाट असतं तिथे, जन्मापासून हाडाचा एक उंचवटा होता: पुढे रुंद, मागे निमुळता, शेवटी जरासा डावीकडे कललेला. हातातल्या प्लास्टरवर तोच होता. जीभ इथे फिरत होती आणि डोळे तिथे, आणि दोघांना एकच वाट सापडत होती. आईच्या टाळूलाही तो होता. आई गेल्यावर, दिवसभर रडून झाल्यावर, धाकटा भाऊ म्हणाला होता, ताई, आईची इस्टेट एवढीच, तोंड मिटून सांभाळायची. आणि दोघं हसली होती, हसण्याची वेळ नसताना. वरच्या जबड्यात एकही दात नव्हता. खालच्या मापात पुढचे काही उरले होते आणि त्यांतल्या एकाचा कोपरा उडालेला होता. शाळेतून पळत येऊन नळाला तोंड लावताना तो उडाला, तेव्हा भांडं घासता घासता तिनंच मागे वळून पाहिलं होतं. धाकट्याचा जबडा होता तो. सगळं शहर पालथं घालून जो सापडला नव्हता, त्याचं तोंड तिच्या तळहातावर होतं, अजून ओलसर.

दवाखान्याच्या पाकिटावर नाव नसतं, क्रमांक असतो. कवळी करणाऱ्याला नाव लागतही नाही. पण मेलेल्या माणसाचं कुणी माप घेत नाही, हे तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती स्टुलावर बसली. आहे. देवा, आहे. इतके दिवस तिनं देवाकडे मागायचं सोडून दिलं होतं. तो परत येऊ दे असं मागताना भीती वाटायची, कारण कसा येईल ते माहीत नव्हतं. त्याला सोडव असं मागताना जीभ जळायची. मग ती नुसतं नाव घ्यायची, मागणं न जोडता, जसं कुणी पत्त्याशिवायचं पाकीट पेटीत टाकावं. पलीकडच्या टेबलावर मास्तर दात बसवत होते. त्यांनी बसवलेले दात कवायतीला उभे केल्यासारखे एका ओळीत, एका उंचीचे असायचे, म्हणून तिनंच त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली होती. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि बाई, जबडा चावला की काय, असं विचारलं. मास्तर पुन्हा कवायतीकडे वळले.

पूर्वी इथे म्हाताऱ्यांचे जबडे यायचे. म्हातारं हाड ओळखू येतं. वापरून वापरून साबणाची वडी व्हावी तसं ते झिजून पातळ होतं. आता येत होते ते रुंद, भरदार, ताज्या खड्ड्यांचे. हाड विशीतलं आणि तोंड ऐंशीतलं. पहिल्यांदा मास्तर म्हणाले होते, हल्ली पोरं गोड फार खातात. पुढे पुढे त्यांनी थट्टा सोडली. पाकीट उघडून माप पाहायचे आणि, हा पण, एवढंच म्हणून बाजूला ठेवायचे. शहराला कारण माहीत होतं: नवी नशा. मेथ हे तिचं खरं नाव कुणी घेत नव्हतं, सगळे काच म्हणत. दिसायचीच तशी, फुटलेल्या काचेच्या बारीक खड्यांसारखी. ती ओढली की माणसाला झोप लागत नाही, भूक लागत नाही, तोंडातली लाळ आटते, आणि जागेपणी दात दातांवर दळत राहतात, जणू जात्यात धान्य संपलंय हे कुणी सांगितलंच नाही. तिच्या डोळ्यांदेखत ते दळण कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या तरण्या मुलीच्या गालांत बसलं, शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या गालांत बसलं. जिन्यातले दिवे गेले, कारण भिंतीतल्या तारा कुणीतरी ओढून काढल्या. आधी सगळ्यांनी परक्यांवर संशय घेतला, मग एकमेकांच्या मुलांवर, मग आपल्या. ज्या घरांची दारं दिवसभर उघडी असायची त्यांना लोखंडी जाळ्या लागल्या. वाटीभर साखर मागायला येणारी शेजारीण आता आधी जाळीतून आवाज द्यायची, आणि आवाज ओळखूनही आतली बाई हात पुसत उगाच थोडा वेळ थांबायची. चोरीपेक्षा तिला हे थांबणं जास्त खुपायचं. पूर्वी धाकटा जिन्यातून चढताना प्रत्येक मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरात काहीतरी तोंडात टाकून यायचा. वर पोहोचेपर्यंत त्याचं जेवण झालेलं असायचं.

तो शीतगृहात माल चढवायचा. बर्फाच्या खोलीतून बाहेर, बाहेरून आत, लागोपाठ पाळ्या. तिथे जागं राहायला सगळेच थोडी थोडी घेतात, असं त्यानं नंतर सांगितलं, आणि त्यात फुशारकी नव्हती की लाज नव्हती; हातमोजे सगळेच घालतात, असं सांगावं तसं. आणि सुरुवातीला, खरं सांगायचं तर, घरात आनंदच होता. त्यानं भिंती रंगवल्या. माळ्यावरची धूळ काढली, खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्रानं पुसल्या, शेजारच्या आजोबांची खुर्ची दुरुस्त करून दिली. बोलायचा तर किती, जन्मभराचं साठलेलं एका दमात. तिला वाटलं, आई गेल्यापासून मिटलेला मुलगा उमलला. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंस हो, असा भाऊ नाही मिळत. ती दृष्ट लागू नये म्हणून गप्प बसली. जेवणाचं ताट तसंच राहतं एवढंच तिला दिसायचं. वाढून ठेवलेलं, झाकलेलं, सकाळी जसंच्या तसं. मला भूकच नाही गं, म्हणायचा, हसून. ती त्याच्या आवडीचं करायची, पुन्हा करायची, समोर बसून दाताच्या कण्या करायची की घासभर तरी खा. एकदा त्यानं तिच्यासाठी घास तोंडात घेतला आणि खूप वेळ चावत राहिला, चावत राहिला, आणि गिळायचं कसं हे आठवत नसल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

मग तो वस्तू उघडायला लागला. आधी भिंतीवरचं घड्याळ, त्याला आवाज आहे म्हणून. मग पंखा. मग रेडिओ, इस्त्री, दाराचं कुलूप. स्क्रू लहानमोठे लावून, तारा रंगांप्रमाणे लावून, सगळं चादरीवर ओळीनं मांडायचा, इतकं सुबक की बघत राहावं. आणि परत जोडणं मात्र व्हायचं नाही. बाहीखाली खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या. कातडीखाली काहीतरी चालतंय, म्हणायचा, तुला दिसत नाही का ताई? ती मलम लावायची आणि दिसतंय म्हणावं की नाही म्हणावं हे तिला ठरवता यायचं नाही. दिसत नाही म्हटलं की तो एकटा पडायचा आणि दिसतंय म्हटलं की घाबरायचा. शेवटी त्याची खात्री पटली की घरात कुठेतरी काहीतरी बसवलं आहे. कुणीतरी ऐकतं. शीतगृहाचे लोक, खालचा दुकानदार, शेजारीण. मग एका दुपारी, तिची उशी फाडून झाल्यावर, कापसात बसून त्यानं तिच्याकडे वर पाहिलं, आणि त्या नजरेत तिला पहिल्यांदा स्वतःचं नाव दिसलं. तूच, ताई? इतकंच विचारलं त्यानं, अगदी हळू. ती पुढे झाली, त्याला जवळ घ्यायला, आणि तो भिंतीला सरकत सरकत दारापर्यंत गेला. वाळत घातलेला त्याचा शर्ट दोरीवर राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं लोक म्हणतात, घरची गोष्ट घरात ठेवावी अशा अर्थानं. तिनं ठेवली होती. नंतर जिन्यातल्या प्रत्येक जाळीबाहेर उभं राहून ती विचारत फिरली, माझा भाऊ पाहिलात का, आणि प्रत्येक घरानं आपलंही कुणीतरी असंच गेलं म्हणून सांगितलं. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनाशी म्हणून ती चढली होती. कुणी हसलं नाही. कुणाकडे हसण्याइतकं उरलंच नव्हतं.

आता त्याला दात द्यायचे होते. कवळी थेट बनत नाही. आधी मेणाच्या तळावर दात बसवून दवाखान्यात पाठवतात. डॉक्टर ते तोंडात घालून बघतात, माणूस आरशात बघतो, काय बदलायचं ते सांगतात, आणि मेण परत येतं. म्हणजे तिच्या हातातली वस्तू त्याच्या तोंडात जाणार होती आणि त्याच्या तोंडातली पुन्हा तिच्या हातात येणार होती. गेलं वर्षभर दोघांमध्ये जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं हे होतं. तिनं दिवा पेटवला, सुरी तापवली, टाळूच्या उंचवट्यावर दाब येऊ नये म्हणून तिथे बेतानं जागा सोडली. पुढचे दात बसवले, मग दाढा. डावा सुळा हातात घेतला. धाकट्याचा तो सुळा कधीच रांगेत आला नव्हता. दुधाचा दात पडायच्या आधीच तो घाईनं वर फुटला आणि शेजारच्या दातावर कोपर टेकून बसला, जसा धाकटा स्वतः तिच्या खांद्यावर बसायचा. तो हसला की आधी तो दात हसायचा. ती हे काम शिकत होती तेव्हा सरावाचं पहिलं माप त्याचंच घेतलं होतं. ट्रे तोंडात असताना त्याला उलटी आली, मग हसू आलं, लगदा हनुवटीवर ओघळला आणि तो म्हणाला, ताई, तुझं गिऱ्हाईक बुडालं. सुरी मेणात होती. हातानं दात थोडा वळवला, थोडा पुढे आणला, शेजाऱ्यावर टेकवला. तिनं पाहिलं तेव्हा तो बसला होता. या कामात कुणी वाकडा दात बसवत नाही. लोक वाकडे दात मोडून सरळ मागायला येतात. मेण अजून मऊ होतं, सरळ करता आला असता. तिनं त्याच्यावर गार पाण्याचा थेंब सोडला. जगात त्या दाताला ओळखणारे दोघंच होते, आणि तो दात सांगणार होता की मी इथे आहे, मला काही नको, घरी ये, नाही आलास तरी चालेल, पण मी इथे आहे. तिनं मेण डबीत ठेवलं, डबी पाकिटात. त्या दिवशी ती सगळ्यांशी फार बोलली. मास्तरांच्या कवायतीलाही चांगलं म्हणाली, तेव्हा त्यांनी बरं वाटत नाही का म्हणून चौकशी केली.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तो चिडलेला. वाकडा सुळा कुणी बसवला, कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. मग त्यांचा राग ओसरला आणि त्या हकिगत सांगू लागल्या, कारण त्याही घाबरल्या होत्या. माणूस नशा सोडवणाऱ्या निवाऱ्यातला, तिथल्या रखवालदारानं धरून आणलेला, बरा होत आलेला. खुर्चीत शांत बसला. मेण घातलं, आरसा दिला. त्यानं पाहिलं आणि, बाई म्हणाल्या, इतकं गोड हसला की मला वाटलं काम झालं. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. त्यानं दात बाहेर काढले, उलटे करून आतून पाहिले, नखानं मेण खरवडलं. हे कुणी केलं, माझा दात त्यांना कसा कळला, तुमच्यात कोण आहे त्यांचं? असं विचारत विचारत तो उठला, दिव्याच्या मागे पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं आणि निघून गेला. रखवालदार त्याच्या मागे धावला.

‘चूक झाली माझी,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, डॉक्टरीणबाई असू दे, होतं असं, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर तिला प्रथम दिसली ती उशी. फाडून, पिंजून, बोटांनी कापूस चिवडून त्यात तो जे शोधत होता ते अखेर त्याला सापडलं होतं, स्वतःच्या तोंडात. जे तिनं प्रेमानं ठेवलं ते त्याला पाळत म्हणून मिळालं. आणि त्याचं काय चुकलं? खरंच कुणीतरी त्याच्या नकळत त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. त्याचं भय त्या एका दातापुरतं खरं करून दाखवलं होतं तिनं, तिनंच. आई असती तर काय केलं असतं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो परतवला, कारण आईनंही हेच केलं असतं. पुढचे दिवस ती कामाला येत राहिली. निवारा कुठे आहे हे विचारून काढणं अवघड नव्हतं. चालत जाता आलं असतं. समोर उभं राहून, अरे मी आहे, म्हणता आलं असतं; आणि तो तिच्याकडे पाहून भिंतीला सरकत सरकत कुठल्या दारापर्यंत जाईल हेही डोळ्यांसमोर येत होतं. त्या दाराबाहेर पुन्हा काच होती. कार्यशाळेचे मालक सकाळी रेडिओवर गाऊन सांगितलेलं निरूपण लावायचे. तो सांगणारा म्हातारा तिला आवडायचा. बोलता बोलता त्याचा सूर कधी लागायचा ते कळायचं नाही, आणि हसवता हसवता तो गळा दाटून आणायचा. एके दिवशी तो गात होता की देव दार ठोठावत नाही रे, तो उंबऱ्याबाहेर बसून राहतो, तुला चाहूल लागली तर तू दचकशील म्हणून श्वाससुद्धा हळू घेतो. तिला रडू आलं आणि थोडा रागही. देवाला काय, त्याला वेळ पुष्कळ. तिला आपलं एकच आयुष्य होतं बसून राहायला.

रखवालदारानं त्याला परत आणला. कसा, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. एवढंच कळलं की तो दात लावायला कबूल आहे, पण अट आहे: ज्यानं आधी केले त्याचा हात लागता कामा नये. दुसऱ्या कुणाकडून होतील का, नाहीतर मी दुसरीकडे पाठवते, बाई संकोचून म्हणाल्या. होतील, ती म्हणाली. डॉक्टरांना काय कळणार होतं, कुणाला काय कळणार होतं. कवळीवर कारागिराचं नाव नसतं. तिनं सुरी हातात घेतलीही. सरळ, सपाट, कुणाचीच ओळख नसलेले दात ती बसवू शकली असती, आणि ते तिचेच राहिले असते. बराच वेळ ती सुरीच्या पात्यावर मेण वितळताना पाहत राहिली. जगात त्यानं तिच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती, न लागलेला हात. तिनं दिवा विझवला, धाकट्याचे दोन्ही जबडे उचलले आणि मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

‘मास्तर, हे तुम्ही करा. तुमच्या पद्धतीनं.’

‘एका रांगेत?’ त्यांनी थट्टेनं विचारलं.

‘एका रांगेत. फक्त टाळूला मधे जागा सोडा, तिथे दुखेल.’

मास्तरांनी जबडा उजेडाकडे धरला, उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मग तिच्याकडे पाहिलं. बोलताना, हसताना, जांभई देताना तिच्या तोंडात त्यांनी कधी काही पाहिलं असेल-नसेल. इतकी वर्षं समोरासमोर बसलेली माणसं. ते दात बसवायला त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला आणि सबंध वेळ एरवीसारखे गुणगुणले नाहीत. ती खाली मान घालून दुसऱ्या कुणाच्या दाढा घासत राहिली. समोर सुरी मेणात जायची तेव्हा चर्र आवाज यायचा. तिनं वर पाहिलं नाही.

पावसाळी नाही, उन्हाची नाही अशी एक मळकट दुपार होती, तेव्हा दारात एक जाडजूड माणूस हातात डबी घेऊन उभा राहिला. निवाऱ्यातून आलो, म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलंय, खालच्या कडेला टोचतंय, घासून द्या, मी थांबतो. हाच रखवालदार. यानंच त्याच्या मागे धावून त्याला परत आणलं होतं. त्याचे हात मोठे होते आणि नखं स्वच्छ कापलेली. तिला त्या हातांना हात लावावासा वाटला. मास्तरांनी डबी उघडली आणि कुरकुरले की लोक धुवून तरी का आणत नाहीत, हे बघा, दाढांत अन्न अडकलंय. तिनं मान वर केली. मास्तरांच्या चिमट्याच्या टोकाला पोळीचा असावा असा एक ओला कण होता. ते चिमटा झटकायला निघाले आणि तिचा चेहरा पाहून थांबले. मग त्यांनी तो कण कागदावर हळूच टेकवला आणि कड घासायला घेतली.

यंत्राच्या आवाजात रखवालदार गप्पा मारू लागला. आधी सगळं पातळच घेत होता, म्हणाला, ते पण जबरदस्तीनं. परवा ताटावर येऊन बसला आपणहून. आणि आज सकाळी विचारत होता, यानं काय काय खाता येतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी पडलो विसराळू, स्वयंपाकीण माझं डोकं खाते. तुम्हाला माहीत असेल ना?

त्यानं मास्तरांकडे पाहून विचारलं होतं. मास्तरांनी यंत्र बंद केलं आणि डोळे कडेवरून न काढता म्हणाले, ‘या बाईंना विचारा. त्यांना जास्त कळतं.’

ती उभी राहिली. काय आवडतं त्याला ते सगळं तोंडावर आलं, एकावर एक. कुठे राहतो, झोपतो का, जखमा भरल्या का, कुणी त्याच्याशी बोलतं का, हेही आलं. हा माणूस आता जिना उतरेल, रस्ता ओलांडेल, आणि त्याच्या मागे पन्नास पावलं ठेवून चाललं तरी पुरे होतं.

‘पहिले काही दिवस मऊच द्या,’ ती म्हणाली. ‘भात, उकडलेलं, कुस्करलेलं. घास लहान घ्यायचा. दोन्ही बाजूंनी चावायचं, एकाच बाजूनं चावलं की कवळी उचलते. मग हळूहळू सगळं खाता येतं.’

‘सगळं?’

‘हो. घाई मात्र करायची नाही म्हणावं. घास फिरत राहिला आणि गिळता आला नाही तर घाबरायचं नाही. पाणी प्यायचं आणि परत चावायचं. येतं.’

रखवालदार ओठांतल्या ओठांत ते म्हणून पाठ करत होता; मऊ, लहान घास, दोन्ही बाजूंनी. मास्तरांनी कवळी धुतली, पुसली, डबीत ठेवली आणि डबी त्याच्या हातात दिली. हे कुणी सांगितलं असं त्यानं विचारलं तर काय सांगू, रखवालदारानं सहज विचारलं. ती आपल्या टेबलाकडे वळली होती. तिथे नवं पाकीट आलेलं होतं.

‘दवाखान्यानं सांगितलं म्हणावं,’ ती म्हणाली, आणि जिन्यावरची त्याची पावलं पुरती विरेपर्यंत तिनं ते पाकीट उघडलं नाही.